कथेतली श्रद्धा: कौल लेखकाने लावू नये

तुमच्या कादंबरीबद्दल तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरी मालवण तालुक्यातल्या मच्छीमार वस्तीतली. धाकटा मुलगा ट्रॉलर घेऊन समुद्रात गेलेला, हवा बिघडते, बोटीचा पत्ता लागत नाही. आई ग्रामदेवतेला कौल लावायला, म्हणजे मूर्तीला चिकटवलेली पाकळी कुठल्या बाजूची पडते त्यावरून देवाचं उत्तर घ्यायला सांगते, कौल उजवा म्हणजे होकाराचा येतो आणि शेवटच्या पानावर बोट बंदराला लागते. हस्तलिखित वाचलेल्या दोघांपैकी एकाचं म्हणणं, "फार देवदेव झालंय." दुसरीचं म्हणणं, "देवाची थट्टा केली आहे." मग श्रद्धेचा भाग काढून टाकायचा का?

काढू नका. वरवर उलट वाटल्या तरी दोन्ही तक्रारी एकाच जागेबद्दल आहेत. पहिल्याला दिसलं की बोट परत आणायला दुसरा उपाय नव्हता म्हणून लेखकाने देव बोलावला. दुसरीला दिसलं की तिच्या देवाला लेखकाने गडी म्हणून राबवलं. पाकळी देवाने पाडली नाही, लेखकाने पाडली, हे दोघांनीही ओळखलं. कथेत श्रद्धा दिसली म्हणून वाचक दुरावत नाही. पात्राची श्रद्धा लेखकाने स्वतःच्या सोयीला जुंपली की तो दुरावतो, आणि त्यात श्रद्धाळू वाचक सगळ्यांत आधी. देवगडच्या किंवा हर्णैच्या बंदरावर वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की नवस बोललेल्या घरांतलीही माणसं समुद्रात राहिली, आणि त्याच घरांत दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवाही लागला. तो दिवा का लागला, हे त्याला कथेत वाचायचं असतं. सोयीचा चमत्कार त्याला खोटा वाटतो, कारण त्याने गैरसोयीचा देव पाहिलेला असतो. देव न मानणारा वाचकही श्रद्धाळू पात्रावर मनापासून जीव लावतो. त्याच्याकडून होकार काढून घ्यायचा प्रयत्न झाला की मात्र तो पुस्तक मिटतो.

कौलाचंच बघा. सिंधुदुर्गातल्या बऱ्याच देवळांत गुरव मूर्तीला किंवा पाषाणाला स्नान घालतो आणि ओल्या अंगावर ठरलेल्या जागी फुलाच्या पाकळ्या, कळे किंवा पानं चिकटवतो. काही ठिकाणी तांदळाचे दाणे वापरतात. जागा, संख्या, उजव्या-डाव्याचा अर्थ हे सगळं देवळागणिक ठरलेलं असतं, म्हणून ज्या गावाची रीत घ्याल ती तिथे जाऊन पाहून घ्या, शेजारच्या गावाची चालत नाही. मग गाऱ्हाणं पडतं: "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत, तेंचा काय चुकला-माकला असात ता पदरात घी रे म्हाराजा!" आणि मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" प्रश्न असा मांडावा लागतो की उत्तर उजव्या-डाव्यात यावं. त्यानंतर थांबणं. पाणी सुकत जातं, पाकळीची कड सुटते, कधी लगेच पडते, कधी बराच वेळ हलत नाही. कुणी बोलत नाही. खांबाला टेकलेला म्हातारा मानकरी डोळे मिटून असतो आणि मागच्या पोराचा मोबाइल वाजला तर सगळ्या माना वळतात.

डावा आला तर माणसं उठून जात नाहीत. काय चुकलं, हे शोधणं तिथून सुरू होतं. वर्षाची राखण, म्हणजे राखणदार देवाचा वार्षिक मान, द्यायची राहिली का, कुणाचा नवस फेडायचा राहिला का, भावाभावांत देवघरावरून काही झालंय का? प्रश्न बदलून पुन्हा विचारतात. पुढे काय होणार यापेक्षा मागे काय बाकी राहिलं, हे विचारण्यातच कौलाचा जास्त वेळ जातो. तुमच्या मसुद्यात हे सगळं पाच शब्दांत उरकलं आहे: "कौल लावला. कौल उजवा आला." म्हणजे कथेला लागणारं होतं ते सगळं फेकून देऊन फक्त निकाल ठेवला.

आता पहिला कौल डावा येऊ द्या. मानकरी म्हणेल, "घरातला काय ऱ्हवलेला असात तर आताच सांग." आणि माडांच्या बागेतला थोरल्या मुलाचा वाटा त्याला न सांगता विकून धाकट्याला ट्रॉलर घेऊन दिला, हे त्या आईला बारा-पाचाच्या, म्हणजे गावाच्या परंपरागत मानकऱ्यांसमोर बोलावं लागेल. दुसरा कौल उजवा येवो की डावा, तिने तोंड उघडलं ही घटना घडून गेली. ती देवाला मानते म्हणूनच घडली. देव न मानणाऱ्या वाचकालाही ती नाकारता येत नाही आणि मानणाऱ्या वाचकाला तिच्यात आपलं देऊळ दिसतं.

देवाच्या उत्तराने कथानकात गाठ पडली तर कुणाची हरकत नसते. गाठ सुटली की वाचक जाब मागतो. बोट परत आणायचीच असेल तर तिला स्वतःचं कारण द्या: गिअरबॉक्स गेला, बोट वाऱ्यापाण्याने दक्षिणेकडे वाहत गेली, कर्नाटकातल्या मालपेच्या एखाद्या बोटीने दोर टाकून ओढत नेली, मोबाइलला रेंज नव्हती. हे कारण वाचकाला कौलाच्या दृश्याच्या आधी किंवा अगदी वेगळ्या ठिकाणी कळावं. आई म्हणेल देवाने आणली, खलाशी म्हणेल मालपेवाल्यांनी आणली, निवेदकाने गप्प बसावं. दोघांपैकी कुणालाही खोटं पाडायची गरज नाही.

नवसाचं गणितही असंच. नवसाला वस्तू असते, मुदत असते आणि बहुधा कुणीतरी ऐकणारं असतं. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. "तिने वेतोबाला नवस केला" एवढं लिहिण्यापेक्षा चपला कुणाकडून करून घेतल्या, पैसे कुठून आणले, किती वर्षं नवस तसाच राहिला, हे लिहा. मागितलेलं मिळालं नाही तरी नवस फेडायला गेलेली बाई वाचकाच्या मनात राहते. मिळाल्यावर फेडायला विसरलेली त्याहून जास्त राहते.

तुमच्या कादंबरीत श्रद्धा येते तीच मुळी संकट आल्यावर. फार उशीर झाला. वाचकाला ती आधीपासून रोजच्या व्यवहारात दिसायला हवी, पैशाला आणि वेळेला अडवताना दिसायला हवी. त्यासाठी तुमच्या हाताशी एक उत्तम प्रसंग आहे, तो तुम्ही वापरलेलाच नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. किनाऱ्यावरची जुनी रीत मात्र नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मग बोट काढायची. या दोन तारखा कधी जवळ येतात, कधी लांब जातात. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला आली. सरकारची बंदी उठली ३१ जुलैला. मधला जवळजवळ महिना बोट किनाऱ्यावर ठेवायची की पाण्यात घालायची? कर्जाचा हप्ता, खलाशांना दिलेली उचल, शेजारच्या बोटी कोळंबी घेऊन येताहेत. श्रद्धेला इथे रुपयांत किंमत आहे.

आई-मुलाचं बोलणं असं काहीसं येऊ शकेल:

"एकतीस तारखेक बंदी उठता."

"सरकारची उठता. दर्याची नाय उठली."

"आणि बँकेचो हप्तो काय दर्यो भरतलो?"

म्हातारी काही बोलली नाही. आत गेली, बाहेर आली, आणि कानातल्या कुड्या तिने त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवल्या. "हप्तो भर. नारळ पडासर बोट पाण्यात घालू नको."

ती किती श्रद्धाळू आहे हे आता कुठेही सांगावं लागत नाही. मोकळे कान पुढे प्रकरणभर दिसत राहतील. इथे दोन खड्डे आहेत. मुलाने आईचं न ऐकता बोट काढली आणि तीच बोट बेपत्ता झाली, एवढंच लिहिलंत तर कादंबरीचं कीर्तन होईल: ऐकलं नाहीस, भोग. ते टाळायचं तर न थांबलेल्या इतर आठ-दहा बोटी माशांनी भरून सुखरूप परत आल्या पाहिजेत, आणि थांबलेल्या एखाद्याचं दिवाळं निघालं पाहिजे. दुसरा खड्डा सुशिक्षित लेखकांचा. ऑगस्टात समुद्र खवळलेला असतो, म्हणून पूर्वजांनी ही रूढी पाडली, असं निवेदकाच्या तोंडी घालायचं. समुद्र खवळलेला असतो हे खरंच, पण म्हातारी त्या कारणाने थांबलेली नाही. तिच्या श्रद्धेची अशी वकिली केली की ती बापडी आरोपी ठरते. ते वाक्य तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या तोंडी द्या. तो हवा बघून बोलणाराच माणूस आहे.

याच प्रसंगाची आणखी एक बाजू घेता येईल. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मुसलमान बोटमालकही आहेत. मालक दालदी, म्हणजे मुसलमान मच्छीमार समाजातला, आणि नारळाआधी समुद्रात जायला नाखूष असलेले खलाशी हिंदू, अशी जोडी घेतली तर दुसऱ्याच्या श्रद्धेची किंमत आपण मोजायची का, हा प्रश्न उभा राहतो. तो वादविवादाने सोडवू नका, पगाराच्या दिवशी सोडवा.

आता निवेदनाच्या वाक्यांकडे वळू, कारण "देवाची थट्टा" हा आरोप बहुतेक वेळा तिथून येतो. "त्या रात्री देवी कोपली" हे वाक्य निवेदकाचं. "देवी कोपली, असं तिला वाटलं" हे पात्राचं. नवखे लेखक पहिल्या प्रकारापासून दूर राहायला म्हणून प्रत्येक वाक्याला "असं तिला वाटलं", "तिच्या समजुतीप्रमाणे", "म्हणे" लावतात. पानभर असं झालं की निवेदक दर वेळी हात झटकतोय असं वाटतं. श्रद्धाळू वाचकाला ते बरोबर बोचतं, आणि त्याला कारण विचारलं तर सांगता येत नाही. उपाय साधा आहे. दृश्याच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतोय ते पक्कं करा: तिचे गुडघे दुखताहेत, तिला समईची वात काळी पडलेली दिसते. एकदा वाचक तिच्या आत बसला की "देवी कोपली होती" सरळ लिहा. ते तिचंच वाक्य आहे हे त्याला कळतं. फक्त त्या दृश्यात मधेच दुसऱ्याच्या डोक्यात शिरू नका.

"अंधश्रद्धा" हा शब्द निवेदनात आला की न्यायनिवाडा झालाच. पात्राने म्हणावा, खुशाल म्हणावा, निवेदकाने नाही. दुसरा शब्द "प्रार्थना". तो चुकीचा नाही, पण सगळ्यांच्या तोंडी तोच घातला की सगळी माणसं एका साच्यातली होतात. मालवणकडची बाई देवाला गाऱ्हाणं घालते, नवस बोलते, पाया पडते. मुसलमान घरात नमाज पढतात आणि दुआ मागतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बौद्ध वस्तीत वंदना असते, त्रिसरण-पंचशील असतं. सिंधुदुर्गातल्या कॅथलिक घरात संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असतो. कॅथलिकांचे फादर आणि मिस्सा, प्रोटेस्टंटांचे पाळक आणि उपासना, यांची अदलाबदल झाली की ख्रिस्ती वाचक तिथेच थबकतो. अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी कुटुंबावर लिहिणार असाल तर शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना "शनवार तेली" म्हटलं, एवढ्या एका शब्दात त्यांची श्रद्धा आणि गावातली जागा दोन्ही येतात. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने ते करतात तो मलिदा पोहे, गूळ-खोबरं आणि फळांचा असतो. त्या ताटातच कोकण आहे, वेगळं वर्णन नको.

एकेरी-आदरार्थी हीसुद्धा नाजूक जागा आहे. गाऱ्हाण्यात देव "तू"च असतो. त्याचं "आपण" केलं तर गाऱ्हाणं मेलं. मराठी बायबलात येशूला एकेरी क्रियापद लागतं, त्यात अनादर नाही. बाबासाहेबांना मात्र कायम आदरार्थी बहुवचन. कुठलंही पात्र असो, वस्तीत जसं बोलतात तसंच ठेवा. मुद्रितशोधकाने "दुरुस्ती" केली तर परत पूर्ववत करून घ्या.

तारखांची चूक वाचक माफ करत नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी मागे सरकतो. २०१६ साली तो ७ जूनला सुरू झाला, म्हणजे मासेमारी बंदीत आणि चौदा तासांहून मोठ्या रोज्यांच्या दिवसांत. त्या सालच्या कथेत रोजेदार खलाशी समुद्रावर दाखवला की संपलं. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई परंपरेचे आहेत, इतरत्र बहुतेक हनफी. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजात ते दुआ-ए-कुनूत पढतात, आणि असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ हनफींपेक्षा लवकर लागते. हिंदी सिनेमावरून नमाजाचं दृश्य बेतणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. कॅथलिकांची मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत, लॅटिनमध्ये होत असे. १९५५ सालच्या वेंगुर्ल्यातली आजी फादरांबरोबर कोकणीत मिस्सा म्हणू शकत नाही. १९६५ सालच्या घरात भिंतीवर कालनिर्णय असू शकत नाही, ते १९७३ पासूनचं. १ मे १९८१ च्या आधी सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता. आणि भराडी देवीची आंगणेवाडीची जत्रा तिथीने ठरत नाही, कौल घेऊन दिवस ठरतो. तेव्हा "दरवर्षीप्रमाणे अमुक तिथीला" हे तिच्याबद्दल लिहू नका. दक्षिणेची रीत उत्तरेला नेऊ नका हेही आलंच. सिंधुदुर्गात दसऱ्याला देवांची तरंगं, म्हणजे वस्त्रांनी सजवलेले देवाचे खांब, निघतात, रत्नागिरीकडे शिमग्यात पालखी घरोघर फिरते आणि नाचते. "कोकणी सण" असा एकच गोळा करून वापरला की दोन्हीकडचे वाचक जातात.

पालखीवरून पुढचा मुद्दा, आणि माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा. धार्मिक दृश्य लिहिताना कोण कुठे उभं आहे हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सभामंडपात कोण, पायरीवर कोण, पायरीखाली कोण? पालखी कुठल्या वाडीत जाते, कुठल्या वाडीच्या कडेने वळते? ढोल कुणाच्या गळ्यात? महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला माणसांना मोर्चाने जावं लागलं. सर्व हिंदूंना खुलं म्हणून रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं राहिलं ते १९३१ साली. या काळातली कथा "सारा गाव देवळात लोटला" या वाक्याने सुरू होत असेल तर तो "सारा गाव" कुणाचा, हे विचारणारे वाचक आज कोकणात घरोघरी आहेत, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या बौद्ध झालेल्या लोकांनी गावकीची कामं सोडली, त्यांना चिकटलेले सणातले "मान"ही सोडले. १९५७ च्या शिमग्यात ढोल घ्यायला नकार देणारा माणूस बावीस प्रतिज्ञा पाळत असतो, तीही निष्ठाच. कथेत त्याला "देव सोडलेला", "कोरडा" असं रंगवलं तर लेखकाला श्रद्धा फक्त देवळातच दिसते असा अर्थ होतो. त्याची आई चोरून जुन्या देवीला हात जोडत असेल तर ते जरूर लिहा, पण तिला पकडून देऊ नका.

बायकांचंही तेच. नैवेद्याचा स्वयंपाक कोण करतं, चार दिवस बाजूला कोण बसतं, सुतकात कुणाचा गणपती दुसऱ्याच्या घरी जातो, हे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय लिहिलं की चुकतंच.

माहितीचा भार ही नेहमीची तक्रार. गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला काय काय बांधतात याची पानभर यादी वाचक ओलांडून जातो. एका वेळी चाळीस-पन्नास शब्दांपलीकडे रीत समजावू नका, आणि तेवढ्यातही कुणाला तरी काम करू द्या. माटवीला कवंडळाचं रानफळ बांधताना सुंभ कमी पडतं, मुंबईहून आलेला चाकरमानी पुतण्या प्लॅस्टिकची दोरी काढतो, आणि काका ती हातातून काढून घेतात. यात कवंडळ, सुंभ आणि काका तिन्ही कळतात. तळटीप आणि कंसातला अर्थ दोन्ही टाळता येतात. पाहुण्याला सगळं समजावून सांगणारा म्हातारा हे पात्र आता झिजून गेलं आहे.

अवसाराचं, म्हणजे अंगात येण्याचं दृश्य असेल तर अंगावर लक्ष ठेवा, कारणांवर नको. आधी बोटं थरथरतात की मान, आवाज बदलतो की नाही, कोण तांदूळ पुढे करतं, कोण प्रश्न विचारतं, उत्तराने कुणाचा फायदा होतो. शेवटचा प्रश्न वाचकाने स्वतः विचारावा, इतपत जागा ठेवा. कथा २०१३ नंतरची असेल तर गावाला जादूटोणाविरोधी कायदा माहीत आहे. अंगात आल्याचं सांगून धाक घालणं त्यात बसतं, म्हणून मानकरी मोबाइलवर चित्रण करणाऱ्या पोराकडे आधी बघेल. तो कायदा कृत्याला लागतो, कथेतल्या वर्णनाला नाही. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम पूर्वी भारतीय दंडसंहितेत २९५-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान अभिप्रेत आहे. प्रकाशक याबद्दल विचारील तेव्हा हेतू पानांवरूनच दिसायला हवा, आणि पात्राचं वाक्य पात्राचं आहे हे स्पष्ट असेल तर तो दिसतो.

दुरुस्तीला बसताना असं करा. श्रद्धा येते ती प्रत्येक ओळ रंगीत पेन्सिलने खुणवा. समासात तीन गोष्टी लिहा: हे कुणाचं म्हणणं, यात कुणाचं काय खर्च झालं, यानंतर काय बदललं. तिन्ही रकाने रिकामे राहिलेल्या ओळी नुसती सजावट आहेत: सांजवेळचा घंटानाद, तुळशीपाशी मिणमिणती पणती. अशा दहांतली एक ठेवा. शेवटी कुणाला देव भेटत असेल किंवा कुणी देव सोडत असेल तर मागे जाऊन निदान तीन ठिकाणी त्याची चाहूल आहे का बघा. नसेल तर शेवट खोटा वाटणारच. वाद घालणारी पात्रं असतील तर तुम्हाला न पटणाऱ्या बाजूला सगळ्यांत चांगलं वाक्य द्या.

मग हस्तलिखित तिघांना वाचायला द्या: त्या देवस्थानात मान असलेला एक, त्याच गावातली पण पालखी जिच्या दारी थांबत नाही अशा वाडीतली एक, आणि घाटावरचा एक, ज्याला शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण हेही माहीत नाही. "कसं वाटलं?" विचारू नका, मुरवतीने चांगलंच म्हणतील. वाचताना कुठे थांबलात, या दृश्यात आणखी कोण असायला हवं होतं आणि नाही, कुठलं वाक्य तुमच्या घरात कुणी बोलणार नाही, एवढंच विचारा. तिघे एकाच पानावर थांबले तर ते पान पुन्हा लिहायचं. एकटा मानकरीच थांबला तर चूक बहुधा रीतीची असते, घाटावरचा थांबला तर बहुधा तुम्ही एक कृती गाळलेली असते.

राहिलं तुमचं शेवटचं पान. कौल आणि बोट एका प्रकरणात ठेवू नका. मध्ये एक प्रकरण असू द्या, ज्यात आई थोरल्याकडे सावंतवाडीला जाते आणि बागेचा विषय काढते. बोट यायचीच असेल तर त्याच्याही नंतर, भर दुपारी, धक्क्यावर फारसं कुणी नसताना येऊ द्या. पण हस्तलिखित वाचून माझा कौल दुसऱ्या शेवटाला आहे. कादंबरी देवळातच थांबवा. गाऱ्हाणं घालून झालंय, "व्हय म्हाराजा" विरलंय, उजवीकडची पाकळी खालून सुटली आहे आणि वरच्या टोकाला धरून आहे. तसं थांबायचं तर त्याआधी म्हातारीने सगळी तयारी करून ठेवलेली दिसली पाहिजे. पिशवीत नारळ आहे. आणि देवळात शिरताना तिने पायरीवरच्या पोराला विचारून ठेवलंय, सावंतवाडीची चारची एसटी तिठ्यावर थांबते की पुढे.